घर आपलें, खातें दुसऱ्याचें

आमच्या मिरजेंत सतारी व तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचीं दुकानें आहेत. पुरुषी स्वराच्या तंबोऱ्यावर नवी गवसणी चढविली म्हणून तो बायकी स्वराचा होत नाहीं, हें तेथलें लहान पोरही सांगेल. संगणकाच्या बाबतींत हीच गोष्ट शिकावयास आम्हांस मात्र साठी उलटावी लागली.

गेल्या गणेशचतुर्थीस आमच्या पुतण्यानें पुण्याहून घरासाठीं नवा लॅपटॉप आणला. नातवाचा अभ्यास, सूनबाईंचे बँकेचे व्यवहार आणि आमच्या वडिलांचीं जुनीं टिपणें उतरून ठेवणें, अशीं तीन कामें त्यावर व्हावयाचीं होतीं. असें यंत्र प्रथम सुरू करतांना तें मालकाचें खातें विचारतें. पुतण्यास परतीची गाडी गांठावयाची होती. त्यानें घाईघाईनें स्वतःचाच ई-मेल व पासवर्ड घातला आणि "काका, नांव मागाहून बदला," असें सांगून तो गेला. आम्हीं नांव बदललें. पडद्यावर आमचें नांव दिसूं लागलें आणि आम्ही निश्चिंत झालों.

पंधरा दिवसांनीं दिवेलागणीच्या वेळीं सूनबाई आमच्यापाशीं येऊन उभ्या राहिल्या. विजेचें बिल भरीत असतां पडद्याच्या कोपऱ्यांत पुतण्यास आलेल्या पत्राची सूचना उमटली होती. त्याची नोकरी सुटली होती. ही गोष्ट त्यानें आमच्या धाकट्या बंधूंस, म्हणजे स्वतःच्या वडिलांसही, कळविली नव्हती. "मामंजी, मीं मुद्दाम पाहिलें नाहीं, पण दिसलें. आतां हें यंत्र मुलांच्या हातीं देऊं नये," एवढेंच त्या बोलल्या.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पुतण्याचें गुपित आमच्या ओसरीवर उघडें पडलें होतें. उलट आमचीं टिपणें आणि सूनबाईंचे बँकेचे कागद त्याच्या वनड्राइव्हमध्यें, म्हणजे दूरच्या सांठवणींत, आपोआप जात होते. विंडोजमध्यें पडद्यावरचें नांव ही केवळ दारावरची पाटी होय. आंतील फोल्डरास प्रथम घातलेल्या ई-मेलचीं पहिलीं पांच अक्षरें चिकटतात, आणि पाटी बदलली तरी तीं तशींच राहतात. पत्रें, सांठवण आणि किल्ल्या यांची मालकीही मूळ खात्याकडेच राहते.

आम्हीं पुतण्यास दूरध्वनि केला. पत्राविषयीं अवाक्षरही काढलें नाहीं. "अरे, खात्याचा घोळ निस्तरावयाचा आहे, रविवारीं येऊन जा," इतकेंच सांगितलें.

रविवारीं काम क्रमानें केलें. तो क्रम वाचकांसही उपयोगीं पडेल.

प्रथम किल्ली. अलीकडे, विशेषतः २०२४ च्या आवृत्तीपासून, पुष्कळ नव्या यंत्रांतील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो, आणि अडचणीच्या वेळीं तें कुलूप उघडणारा ४८ अंकी क्रमांक प्रथमच्या खात्यांत जमा असतो. तो कागदावर उतरून कपाटांत ठेवला. मग वनड्राइव्हमध्येंच राहिलेल्या फायली यंत्रावर उतरवून घेतल्या. नंतर सेटिंग्जमध्यें आमच्या ई-मेलचें दुसरें खातें उघडून त्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार दिला. हा अधिकार दिल्यावांचून जुनें खातें काढणें म्हणजे किल्ल्या आंत ठेवून बाहेरून दार ओढून घेणें होय. शेवटीं नव्या खात्यांत शिरून सर्व फायलींची नक्कल केली, एकेक उघडून पाहिली, आणि मगच जुनें खातें काढलें. कारण त्याबरोबर त्याचें यंत्रावरील सर्व सामानही नाहींसें होतें. मागाहून पुतण्यानें आपल्या सांठवणींत गेलेले आमचे कागदही पुसून टाकले.

नक्कल होण्यास बराच वेळ लागत होता. सूनबाई चहा ठेवून मुकाट्यानें आंत गेल्या. पुतण्या पडद्याकडे पाहात बसला होता. एकाएकीं तो म्हणाला, "काका, माझीं पत्रें येथें दिसत असतील, नाहीं का?"

खोटें बोलणें आम्हांस जमलें नाहीं. "एक दिसलें," आम्ही म्हणालों. "पण तें तुझें आहे. सांगावयाचें कीं नाहीं, तें तूंच ठरव."

रात्रीं पानें वाढल्यावर त्यानें स्वतःच वडिलांस सांगितलें. बंधु क्षणभर थांबले, त्याच्या पानावर आणखी भात वाढावयास सांगून म्हणाले, "मग आतां चार दिवस राहा. घाई कसली?"

एकत्र कुटुंबांत धान्याचें कोठार एक असतें. पण प्रत्येकाची पेटी निराळी असते, आणि ती दुसऱ्यानें उघडूं नये असा आपला जुना संकेत आहे. घरांत नवा संगणक येईल तेव्हां प्रथम विचारावें, खातें कोणाचें? चूक पहिल्याच दिवशीं उमगली आणि आंत कांहीं ठेवलें नसेल, तर यंत्र रीसेट करून पुनः आरंभ करणें सर्वांत सोपें. मुलांस, सुनांस, वडीलधाऱ्यांस प्रत्येकाचें वेगळें खातें करून द्यावें. त्यास कांहीं खर्च पडत नाहीं.

आमचें खातें आतां आमचें आहे. सूनबाईंचें त्यांचें आहे. त्याचा पासवर्ड आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तो आम्हीं विचारलेलाही नाहीं.