पेन्शनच्या टेबलावरची रिकामी खुर्ची

सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली भाषणं सुरू होतात. एक, ‘कर आम्ही भरायचा आणि यांनी घरबसल्या खायचं.’ दुसरं, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन.’ मला ही दोन्ही भाषणं घरातच ऐकायला मिळतात. माझे वडील महापालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झाले, ते जुन्या पेन्शनवर आहेत. धाकटी बहीण महापालिकेतच लागली, पण उशिरा, म्हणून ती नव्या योजनेत. चुलतभाऊ खासगी कंपनीत आहे. तो दिवाळीच्या फराळाला येतो आणि पहिलं भाषण करून जातो. वर्षानुवर्षं हा वाद ऐकून माझं मत असं झालं आहे की, दोन्ही बाजू खरा प्रश्न विचारतच नाहीत.

आधी चुलतभावाच्या भाषणाचा समाचार घेऊ. पेन्शन ही खैरात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 17 डिसेंबर 1982 रोजी नाकरा खटल्यात स्वच्छ सांगून ठेवलं आहे. ती केलेल्या नोकरीची पुढे ढकललेली मजुरी आहे. माणसाला तरुणपणी कामावर घेताना ‘आत्ता इतकं घे, उरलेलं म्हातारपणी देऊ’ असा शब्द दिलेला असतो. काम करून घेऊन झाल्यावर तो शब्द महाग वाटू लागला, तर त्याला आर्थिक शिस्त म्हणत नाहीत. साध्या मराठीत त्याला उधारी बुडवणं म्हणतात.

पण बहिणीच्या बाजूच्या घोषणेतही एक भोक आहे. जुन्या पेन्शनमध्ये पैसा बाजूला काढून ठेवलेला नसतो. ज्या वर्षी द्यायची, त्या वर्षीच्या महसुलातून ती दिली जाते. म्हणजे शब्द देणारा मंत्री वेगळा आणि तो तीस वर्षांनी निभावणारा वेगळा. अशा व्यवस्थेत शब्द देणं फार स्वस्त असतं. युनियनच्या नेत्यांना हे कळत नाही असं मला वाटत नाही. ते सभेत बोलणं गैरसोयीचं असतं, एवढंच.

महाराष्ट्र सरकारनं 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीत येणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद केली. मुंबई महापालिकेत ही रेषा 2008मध्ये ओढली गेली. नव्या माणसाच्या पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारनं आपला वाटा घालायचा, रक्कम बाजारात गुंतवायची आणि शेवटी जे हाती येईल ते त्याचं नशीब. एवढा मोठा बदल तेव्हा फारशा गाजावाजाशिवाय पचला. कारण उघड आहे. ज्यांच्यावर तो लादला जात होता, ते अजून नोकरीतच नव्हते. युनियनचे सभासद सगळे जुने, आणि त्यांचं ताट शाबूत होतं. जो अजून सभासदच नाही, त्याच्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार?

ते नवे लोक संख्येनं वाढले, तेव्हा संप झाला. 14 ते 20 मार्च 2023 या सात दिवसांत राज्यभरातली कार्यालयं, शाळा, सरकारी रुग्णालयं अडखळली. त्याआधी डिसेंबर 2022मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी नागपूर अधिवेशनात जुनी पेन्शन आणली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, असं सांगितलं होतं. आकडा सगळ्यांनी ऐकला. तो किती वर्षांचा, कोणत्या गृहीतकांवरचा, यावर चर्चा झाली नाही. सरकारनं तो घाबरवायला वापरला, संघटनांनी झटकून टाकला. संप मिटला तो समिती नेमून.

इथे एका दूरच्या शहराचं उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, सिलिकॉन व्हॅलीतलं सर्वांत मोठं शहर. तिथे तेजीच्या काळात कर्मचाऱ्यांचे निवृत्तीलाभ वाढवत नेले, 2008च्या मंदीत निधीची गुंतवणूक आपटली आणि शहराचा पेन्शनवरचा वार्षिक खर्च दशकभरात तिपटीहून जास्त झाला. वाचनालयांचे तास आणि पोलिसांची पदं कापायची वेळ आली. महापौर चक रीड यांनी जून 2012मध्ये थेट मतदारांकडे ठराव नेला. नोकरीत असलेल्यांनी पगारातून जास्तीचा हप्ता भरावा, नाहीतर कमी लाभाची योजना घ्यावी. सुमारे सत्तर टक्के मतदारांनी कौल दिला. माझ्या चुलतभावासारखे लोक तिथेही बहुसंख्य असणार.

पुढे काय झालं? युनियन कोर्टात गेल्या. 2013च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी ठरावाचा गाभाच रद्द केला, कारण आधी कबूल केलेला लाभ असा काढून घेता येत नाही. दरम्यान शेकडो पोलीस नोकरी सोडून शेजारच्या शहरांत गेले. मतपेटीतून जिंकलेल्या शहराला गस्तीला माणसं मिळेनात. अखेर 2015मध्ये नवे महापौर सॅम लिकार्डो आणि युनियन एका टेबलावर बसले. निधीला नफा झाला की मिळणारा जादा धनादेश युनियननी सोडला. निवृत्तांची आरोग्ययोजना नव्या भरतीसाठी बंद झाली. नव्या कर्मचाऱ्यांना जुन्यांपेक्षा कमी, पण 2012च्या ठरावापेक्षा बरे लाभ मिळाले आणि त्यांचा खर्च शहर व कर्मचारी यांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. पुढे लाभ वाढवायचे तर मतदारांची संमती लागेल, ही अट राहिली. 2016च्या नोव्हेंबरात मतदारांनी ही तडजोडही मान्य केली.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, जनमताचा सोटा उगारून पेन्शन कापता येत नाही, माणसं निघून जातात. दुसरी जास्त बोचरी आहे. समंजस तडजोडीतसुद्धा सर्वांत मोठी किंमत नव्या भरतीनं मोजली. म्हणजे टेबलावर नसलेल्यानं.

आता आपल्याकडे पाहा. 25 ऑगस्ट 2024 रोजी, केंद्राच्या निर्णयानंतर दुसऱ्याच दिवशी, राज्य मंत्रिमंडळानं एकीकृत पेन्शन योजनेला मान्यता दिली. पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, आणि मागे उभा केलेला निधी. रचना म्हणून ती मला मान्य आहे. हमी आहे आणि पैसाही बाजूला पडतो. पण विधानसभा निवडणूक तीन महिन्यांवर असताना एका बैठकीत हा निर्णय झाला. हे औदार्य 2005मध्ये का सुचलं नाही, हे कुणी विचारलं नाही.

आणि या सगळ्या गदारोळात मुंबईचा कचरा कोण उचलत होतं? शहर ज्यांच्या हातांनी साफ होतं त्यातले हजारो कामगार कंत्राटी आहेत. काहींना तर कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हणण्याची सोय शोधली गेली. कचरा वाहतूक श्रमिक संघाला 2,700 जणांच्या कायम नोकरीसाठी 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. जे कंत्राटातच राहिले, त्यांच्या वाट्याला जुनी, नवी, एकीकृत यातली कुठलीच पेन्शन येत नाही. फार तर भविष्यनिर्वाह निधीची. तिची किमान रक्कम 2014पासून महिना 1,000 रुपये आहे, आणि तीही दहा वर्षांची सेवा भरली तर. कंत्राटदारानं हप्ता भरलाच नाही तर दहा वर्षं कुठून भरणार?

ही महापालिका गरीब नाही. तिचा 2025-26चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर आहे. तिच्या मुदत ठेवींचा आकडा निवडणुकीत वाजवला जातो. त्या ठेवींचा एक भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शनच्या देण्यांसाठी राखलेला असतो, हे मात्र हळू आवाजात सांगितलं जातं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक महापालिकेनं पेन्शनच्या भावी देण्यांचा स्वतंत्र तज्ज्ञाकडून केलेला हिशेब दर वर्षी मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा छापावा. ज्याला शब्द दिला, त्याचा शब्द मोडू नये. नव्या माणसासाठी नियम बदलायचे तर तरुण कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी वाटाघाटीत असावेत. आणि युनियननी आपल्या मागणीपत्राच्या पहिल्या पानावर कंत्राटी कामगारांची सामाजिक सुरक्षा लिहावी.

शेवटचं कलम युनियनना परोपकार वाटेल. त्यात त्यांचाच स्वार्थ आहे. कायम पदं रिकामी ठेवून कंत्राटावर काम भागवता येतं, तोवर पालिकेला पेन्शन कापायची गरजही नाही. पेन्शन घेणारा कर्मचारीच नेमायचा नाही, की झालं. तो दिवस उजाडला की वाटाघाटीला बसायला युनियनकडे सभासदच उरणार नाहीत.