तिळगूळ आणि ऐकणारे कान

मोर्शीच्या बागांत मृग बहाराची संत्री रंग धरू लागतात, घराघरांतून तीळ भाजल्याचा खमंग वास दरवळतो, आणि संक्रांतीला आपण एकमेकांच्या तळहातावर तिळगूळ ठेवून वर्षभराचे अबोले मिटवतो. संक्रांत बहुधा १४ जानेवारीला येते, आणि त्याच तारखेला माजी सैनिक दिनही असतो. भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून हा दिवस आपण सैनिकाच्या नावे राखला. गोड बोलण्याचा सण आणि सैनिकाच्या सन्मानाचा दिवस असे हातात हात घालून येतात, तेव्हा मनात एक शंका डोकावते : आपण गोड बोलतो खरे, पण ते त्यांच्यापर्यंत पोचते का?

सत्काराच्या पहिल्या रांगेतले फौजी आजोबा आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. भाषणाला मान डोलते, टाळी मात्र शेजाऱ्याची पाहून मग वाजते. घरी नात ‘साखर’ म्हणते, त्यांना ‘भाकर’ ऐकू येते. विहिरीचे पाणी सरून मोटार कोरडी फिरू लागते, तो बदललेला सूर त्यांना कळत नाही. आपण हसून ‘बुढ्याले ऐकू येत नाही’ म्हणतो आणि हळूहळू त्यांच्याशी बोलणेच सोडून देतो.

हा बहिरेपणा एकट्या वयाचा नव्हे. देवळालीच्या मैदानावर सरावाच्या फैरी झाडताना, १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत बोफोर्स धडाडताना तो कानात शिरलेला असतो. तोफेचा आवाज १४० डेसिबलच्याही पलीकडे जातो. प्रत्येक अंतर्कर्णात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या मेल्या की त्यांना पुन्हा बहर येत नाही. आधी हरवतात स, श, त यांसारखी बारीक व्यंजने. अनेकांच्या वाट्याला मागे उरते ती अहोरात्र रातकिड्यांसारखी किरकिर.

पण कान हे नुसते दार. ऐकतो तो मेंदू. तुटक शब्दांची मोळी बांधता बांधता तो थकतो, स्मरणासाठी राखलेले बळ तिथेच खर्ची पडते, आणि माणूस चारचौघांत असून एकटा होतो. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष आहे. अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवर तीन वर्षे चाललेल्या अभ्यासात श्रवणयंत्राचा लाभ सरसकट दिसला नाही. मात्र ज्यांना धोका मुळात अधिक होता, त्यांच्या बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. आशा बाळगायला एवढे पुरेसे आहे.

श्रवणाचे आणि स्मरणाचे नाते आपल्या मोर्शी तालुक्याला का परके आहे? इथल्याच रिद्धपुरात, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या तोंडून ऐकल्या, आणि त्या ऐकण्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. कुणी सांगितले, कुणी कान दिला, म्हणून मराठीला तिचा आद्य गद्यग्रंथ लाभला. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सैनिकाजवळही न लिहिलेली एक पोथी आहे. त्याला ऐकू येईनासे झाले की तोही सांगेनासा होतो.

म्हणून यंदा शालीबरोबर थोडा वेळही देऊ या. कानाच्या तपासणीला आपण त्यांच्यासोबत जाऊ या. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची कागदपत्रे आपण भरू या. श्रवणयंत्र दोन दिवसांत कपाटात जाते, कारण मेंदूला त्याची सवय व्हायला आठवडे लागतात. तेवढे दिवस धीर धरू या. टीव्ही बंद करून, उजेडात समोर बसून, न ओरडता, सावकाश बोलू या.

तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवावा, त्यांची नजर आपल्या ओठांवर येईतो थांबावे, मग गोड बोलावे. आणि ते बोलू लागले, की आपण गप्प बसावे.