मुलांच्या समारंभाचे सामान भाड्याने देताना

अलीकडे खेड्यापाड्यांतूनही मुलाचा पहिला वाढदिवस किंवा पहिले कम्युनियन म्हटले की घरच्या ओसरीवर भागत नाही. अंगणात मंडप पडतो, मुलांसाठी लहान खुर्च्या हव्या असतात, फुगे हवे असतात, आणि ज्यात मुले उड्या मारतात तो हवेने फुगविलेला रंगीत महालही शहरातून मागविला जातो. टेम्पोचे भाडेच कधी कधी सामानाच्या भाड्याला भारी पडते. हे पाहून आपल्या बेळगाव-खानापूर भागातील काही तरुण जोडप्यांच्या मनात आले आहे की, हे सामान आपणच घेऊन भाड्याने का देऊ नये? विचार वाईट नाही. परंतु सुरुवात बहुधा चुकीच्या टोकाकडून होते. हवेचा महाल डोळ्यांत भरतो म्हणून प्रथम तोच घेण्याचे ठरते. खुर्च्या आणि ताटल्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

वास्तविक भाड्याचा व्यवहार आपल्या लोकांस नवा नव्हे. अनेक गावांत गावकीची भांडी असत. मोठमोठी पातेली आणि पराती, त्यांवर कोरलेले नाव. ज्याच्या घरी लग्न, त्याने मोजून न्यावीत, घासून परत आणावीत आणि हरवले त्याचे भरून द्यावे. आजही कित्येक ठिकाणी महिलांचे बचत गट हा व्यवहार चोख सांभाळतात. नाव घालणे, मोजणे आणि स्वच्छ करणे, या तीन कामांवरच हा धंदा उभा राहतो. ज्यास रात्री अकरा वाजता दमून आल्यावरही खुर्च्या मोजण्याचा कंटाळा येतो, त्याने यात पडू नये.

आता थोडा हिशेब करू. समजा, एखादा महाल ६०,००० रुपयांस घेतला आणि एका दिवसाचे १,५०० रुपये भाडे ठरविले. निव्वळ किंमत वसूल होण्यास तो चाळीस वेळा बाहेर पडला पाहिजे. टेम्पो, हमाली, वीज आणि धुलाई वेगळीच. समारंभ होतात ते बहुतेक रविवारी. वर्षाचे रविवार बावन्न. त्यांतून पावसाळ्याच्या चार महिन्यांतील सुमारे सतरा वजा करा, प्रायश्चित्तकाळाचे सहा वजा करा, उरले एकोणतीस. शेजारच्या हिंदू घरांतील वाढदिवस प्रायश्चित्तकाळातही होतील हे खरे, पण प्रत्येक रविवारी गिऱ्हाईक मिळेल असे कोणी समजू नये. याउलट लहान खुर्ची पावसातही सभागृहात चालते, अंगणवाडीच्या कार्यक्रमासही जाते. मोठ्या खुर्च्या मात्र घेऊ नयेत. त्या मंडपवाल्याकडे आहेतच. त्याच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्याच्याजवळ नाही ते आपण ठेवावे, म्हणजे तोच आपल्याकडे गिऱ्हाईक पाठवील.

ताटल्यांचेही तसेच. १ जुलै २०२२ पासून आपल्या देशात एकदाच वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. ताटल्या, पेले, चमचे, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचे थर्मोकोलही त्यांत आले. यास्तव शंभर लहान स्टीलच्या ताटल्या आणि तितकेच पेले घरात असणे हे चांगले भांडवल होय. फुगे साध्या हवेने भरावेत. हायड्रोजनची टाकी मुलांच्या जवळपासही नको, तो वायू ठिणगीनिशी पेट घेतो. आणि रंगीत चेंडूंनी भरलेला हौद? माझे मत विचाराल तर घेऊच नये. एखादे बालक त्यात ओकले की हजार चेंडू एकेक करून धुवावे लागतात.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे आपले नातेवाईक. चुलत्याकडे सामान गेले की भाडे मागणे संकोचाचे वाटते, आणि मामाकडे गेलेल्या तीन खुर्च्या परत येत नाहीत. यावर उपाय म्हणजे वही. सामानाची संख्या, अनामत रक्कम, परतीचा दिवस आणि सही, हे सर्वांकरिता सारखेच असावे. नातलगास सवलत द्यावयाची तर भाड्यात द्यावी, मोजणीत देऊ नये.

तरीही हवेचा महाल घेणारच असाल, तर पुढील मजकूर पुन्हा एकदा वाचा. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर, डेव्हनपोर्ट गावच्या एका प्राथमिक शाळेत, वर्षअखेरीच्या आनंदसोहळ्यात असा महाल वावटळीने उचलला आणि सहा मुले मृत्युमुखी पडली. खुंट ठोकण्याच्या आठ जागांपैकी चारच ठिकाणी ते ठोकले होते, असे पुढे न्यायालयात सांगण्यात आले. अशी वावटळ आधी ओळखता येण्याजोगी नव्हती, म्हणून २०२५ मध्ये न्यायालयाने महालाच्या मालकिणीस निर्दोष ठरविले. तोवर साडेतीन वर्षे लोटली होती, आणि त्या सहा घरांतील मुले तर परत येणार नव्हती.

युरोपात या महालांकरिता ठरविलेले नियम आपण आपलेसे करावेत. दोर बांधण्याच्या किमान सहा जागा असाव्यात आणि प्रत्येक जागी खुंट असावा. लोखंडी खुंट सुमारे ३८० मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड. वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेल्यास मुलांस उतरवून महाल बंद करावा. वारा मोजण्याचे लहान यंत्र विकत मिळते; ते हाताशी नसेल तर पानांनी भरलेली लहान झाडे झुलू लागली की तीच खूण समजावी. आपल्याकडे जमिनीचाही प्रश्न आहे. खानापूरकडील जांभ्यात खुंट शिरत नाही, पूर्वेकडील काळी माती ओली झाली की खुंट धरत नाही. फरसबंदीवर तर खुंटाऐवजी प्रत्येक दोरास किमान १६३ किलो वजन बांधावे असे ब्रिटनमधील मार्गदर्शन सांगते. वाळूच्या दोन पोत्यांवर भागविणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

शिवाय महाल सतत चालणाऱ्या पंख्यावर उभा असतो. वीज गेली की तो मुलांच्या अंगावर बसू लागतो. आपल्या गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून जनित्र जवळ हवे आणि उड्या मारणाऱ्या मुलांवरून नजर न हलविणारा प्रौढ माणूस हवा. यजमान म्हणतील, “आम्ही पाहतो.” ते पाहुण्यांत गुंततात. हा माणूस आपलाच असावा आणि त्याची मजुरी भाड्यातच धरावी. वारा सुटल्यावर महाल उतरविला तर यजमान रागावतील, कदाचित भाडेही देणार नाहीत. ते बुडाले तर बुडू द्यावे, आणि ही अट वहीत आधीच लिहून घ्यावी.

पैशासाठी दागिने गहाण टाकण्याची घाई नको. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु विभागात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळते. खुर्च्या, बुटकी टेबले आणि ताटल्या यांची सुरुवात तेवढ्यात होऊ शकेल. उद्यम नोंदणीस शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थास दारातूनच परत पाठवावे.

खरेदी ऑक्टोबरात करावी, म्हणजे नाताळ आणि मे महिना हे दोन्ही हंगाम हाती लागतात. मेअखेरीस महाल घेणाऱ्यास तो चार महिने घरातच ठेवावा लागतो, आणि पूर्ण न वाळविता गुंडाळला तर गणेशचतुर्थीपर्यंत त्यावर बुरशी धरते.