डोक्याला मार लागला, त्या दिवसाचा खेळ संपला

पावसाळ्यात तालुक्याच्या गावातल्या हायस्कूलमध्ये कबड्डी आणि खो-खोच्या संघांची तयारी सुरू होते. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग. मुलांनी मैदानावर जावं, घाम गाळावा, हे मी प्रत्येक पालकाला सांगतो. पण मैदानावरची एक सवय मात्र बदलायलाच हवी. डोकं आपटलेल्या मुलाच्या तोंडावर पाणी मारायचं, "काही झालं नाही, ऊठ" म्हणायचं आणि पुन्हा खेळायला उतरवायचं, ही ती सवय.

डोकं जोरात आपटलं की कवटीच्या आत मेंदूला हादरा बसतो. याला 'कन्कशन' म्हणतात. बरेच लोक समजतात, मुलगा बेशुद्ध पडला नाही म्हणजे सगळं ठीक. तसं नाही. कन्कशन झालेली बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, गुण किती झाले ते न आठवणं ही त्याची लक्षणं. सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी कन्कशन असू शकतं, कारण स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, हादरा दिसत नाही. हा मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं.

मुलं त्रास लपवतात, त्यालाही कारण आहे. संघात मोजके खेळाडू, गावाची इज्जत आणि वरच्या स्पर्धेपर्यंत पोहोचलं तर दहावीला मिळणारे सवलतीचे क्रीडा गुण. म्हणून हा निर्णय मुलावर सोडू नये, नियमच हवा.

असा नियम करता येतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोकं आपटल्यावर पुन्हा खेळला, सामन्यानंतर कोसळला आणि कायमचा अपंग झाला. २००९ मध्ये तिथे त्याच्या नावाने कायदा झाला: कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत नाही. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेतल्या सर्व राज्यांत असे कायदे झाले.

आपल्या शाळांना यासाठी पैसा लागत नाही. एवढंच करा:

१. शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. मुलाला एकटं सोडू नका.

२. वारंवार उलटी, झटका, वाढती डोकेदुखी, वाढती गुंगी, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून रक्त किंवा पाणी यांपैकी काहीही दिसलं तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

३. एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी. मग हळूहळू अभ्यास, चालणं, धावणं, सराव. पकडी आणि सूर सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांनी तपासल्यावर.

क्रीडाशिक्षकांनो, बहुतेक मैदानांवर डॉक्टर नसतो, तुम्ही असता. मुलाला बाहेर बसवलंत म्हणून सामना हरलात, तर पालकांनी तुम्हाला बोल लावू नये. उलट आभार मानावेत. पालकहो, हे शाळेच्या पुढच्या सभेत तुम्हीच मांडा.