तलवारीचें पाणी

खंडेनवमी जवळ आली, कीं माळ्यावरचीं जुनीं शस्त्रें खालीं उतरतात आणि चिंच व विटकरीची पूड घेऊन घरांतील उत्साही मंडळी त्यांवर तुटून पडतात. त्यांना वेळींच आवरावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘तलवार’ हा शब्द संस्कृत ‘तरवारि’ शब्दापासून आला. अमरकोशांतील खड्गाच्या नांवांत ‘मंडलाग्र’ हेंही एक आहे. परंतु आपल्या परिचयाची बांकदार तलवार सर्वत्र रूढ झाली ती मोगल अमदानींत. तिच्या मुठीच्या टोकाची चपटी कटोरी मनगटास फार वळूं देत नाहीं. म्हणून तिचा घाव मुख्यतः ओढून कापण्याचा.

खरी दौलत पात्यांत. उत्तम पातें मुशींत वितळविलेल्या दक्षिणी पोलादाचें असे. तेलंगणांतील कोनसमुद्रम् येथील पोलाद इराणांत जात असे. त्यांत शेंकडा सुमारें दीड भाग कार्बन असतो. घडतांना त्याचे सूक्ष्म, कठीण कण रांगांनीं बसतात, आणि पातें हिराकशीच्या पाण्यानें पुसलें म्हणजे वाहत्या ओढ्यासारखी नक्षी वर येते. तिलाच जौहर म्हणतात. १८१९ सालीं खुद्द फॅरडेनें या पोलादाचें पृथक्करण केलें होतें.

आमच्या घरीं अशी एक तलवार आहे. मुठीजवळ सोन्याच्या तारेनें बसविलेलीं चार-पांच देवनागरी अक्षरें होतीं. लहानपणीं तीं मीं बोटानें चांचपलीं. वाचून ठेवण्याची बुद्धि झाली नाहीं. पुढें चिरंजीवांच्या मुंजींत पाहुण्यांना दाखवावी, म्हणून मींच ती एका कारखान्यांत चकाकी देण्यास दिली. आरशासारखी होऊन आली. घरांतून अभिप्राय मिळाला, “आतां ही ताटवाट्यांच्या फळीवर ठेवायला हरकत नाहीं!” अक्षरें गेलीं होतीं. तीं पणजोबांच्या नांवाचीं कीं घडविणाराच्या, हें आतां कोण सांगणार? गेल्या वर्षीं नातवानें भिंग घेऊन दोन दुपारी घालविल्या. कांहीं सांपडलें नाहीं.

जौहर पोलादाच्या अंगांतच असतो; तो पुसला गेला तरी जाणता कारागीर पुन्हा वर आणूं शकतो. मात्र पातें लालभडक तापविलें, तर तोही नाहींसा होतो. सोनें व अक्षरें एकदां गेलीं कीं गेलीं.

तेव्हां मऊ कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा, एवढेंच. कढत पाण्यांत बुडवूं नये. मूठ लाखेनें बसविलेली असते, ती सुटते. पावसाळ्यांत चामडी म्यानांत ठेवूं नये. आणि पूजेचें ओलें हळदकुंकू पात्याला न लावतां पाटावर वाहावें.