मातीचा ताळेबंद

पौष महिन्यात आणे येथे श्री रंगदास स्वामींची यात्रा भरते. मोठमोठ्या कढयांमध्ये आमटी शिजते आणि तिच्यासोबतच्या भाकरी पंचक्रोशीतील घराघरांतून जमा होतात. पंगतीला बसलेला भाविक आपल्या पानावरील भाकरी कोणाच्या शेतातील धान्याची आहे, हे विचारीत नाही. तसे विचारण्याची गरज त्याला वाटत नाही. अन्नाविषयीचा हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आहे. जुन्नर-आंबेगाव परिसरातील धान्याचा, कांद्याचा आणि किराण्याचा व्यापारही याच विश्वासावर उभा आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर येथील अनेक जैन कुटुंबांची उपजीविका या व्यापाराशी जोडलेली आहे. त्यामुळे शेतात काय पडते, हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा राहत नाही.

आळेफाट्याहून अहिल्यानगरच्या दिशेने निघाले की आणे घाट चढून पठार लागते. कुकडी प्रकल्पाने तालुक्याच्या खालच्या भागात पाणी आणले. पठारावरील शेती मात्र मुख्यत्वे पावसावर राहिली. हलक्या, मुरमाड जमिनीत सेंद्रिय अंश कमी असतो आणि घरचे शेणखत पुरत नाही. म्हणून मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देऊन शेतात मेंढ्या बसवण्याची रीत या कोरडवाहू भागात चालत आली आहे. अशा शेतकऱ्याच्या बांधावर उद्या कोणी काळ्या, भुसभुशीत खताची स्वस्त ट्रॉली आणून उभी केली, तर त्याने ती नाकारावी कशी? ते खत म्हणजे शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील वाळवलेला गाळ असेल, तर त्यात नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब असतोच. पीकही जोमाने येते. आणे येथे असा गाळ पडला आहे, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. तो पडण्याआधी कोणी, काय आणि कोणाच्या खर्चाने तपासावे, एवढाच प्रस्तुत विषय आहे.

मानवी मैला शेतीला घालणे आपल्याकडे नवे नाही. त्याला ‘सोनखत’ असे गौरवाचे नाव होते आणि एके काळी पुण्याच्या आसपास उसाला ते घातले जाई. त्या खतातून मनुष्याने जे खाल्ले, तेच मातीला परत मिळत असे. आजच्या शहराच्या गटारात मात्र स्वयंपाकघराबरोबर धुलाई यंत्र, औषधांचे अवशेष, रंगाचे डबे आणि गल्लीबोळांतील छोट्या कारखान्यांचे धुवण हे सारे एकत्र येते. प्रक्रिया केंद्र पाणी स्वच्छ करते, म्हणजे पाण्यातील बरीचशी घाण गाळात उतरवते. पाणी जितके स्वच्छ, तितका गाळ जबाबदारीचा.

या गाळातील रोगजंतूंवर उपाय उपलब्ध आहेत. अहमदाबाद येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाने दररोज १०० टन सुक्या गाळावर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारे केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. त्यामुळे जंतू नष्ट होतात. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मात्र किरणांनी वा कुजवण्याने नाहीसे होत नाहीत. त्याहूनही चिवट असा एक रसायनसमूह आता जगापुढे आला आहे. त्याचे संक्षिप्त नाव ‘पीफास’. त्यात फ्लोरिनयुक्त अशी हजारो संयुगे मोडतात. न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारे कापड, तेल न झिरपणारा कागद आणि आग विझवण्याचा फेस यांत ती वापरली गेली. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट की निसर्गात ती सहजी विघटित होत नाहीत. म्हणून त्यांना ‘चिरंतन रसायने’ म्हणतात. त्यांपैकी ‘पीएफओए’ या संयुगाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात घातले. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एक लाख कोटी भागांत चार भाग इतकी ठरवली. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर एक लाख कोटी रुपयांच्या उलाढालीत चार रुपयांची चूक शोधण्यासारखे हे काम आहे. डोळ्यांना, नाकाला वा जिभेला त्याचा पत्ता लागणे शक्य नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा आहे, असे महाराष्ट्राने समजू नये. इटलीतील विचेंझा प्रांतात पीफास बनवणारा एक कारखाना परिसरातील भूजल दूषित केल्याच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात भारतात आली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत उभी राहिली. यंत्रे आली म्हणजे प्रदूषण झाले, असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. मात्र मोजमापाची व्यवस्था यंत्रांच्या आधी उभी असावी, ही अपेक्षा रास्त आहे.

मोजमापाच्या बाबतीत आपली आजची स्थिती काय आहे? शेतकऱ्याला मिळणारी मृद आरोग्य पत्रिका ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा १२ बाबी नोंदवल्या जातात. मातीत काय कमी आहे, हे ती उत्तम सांगते. मातीत काय नको ते आले आहे, हे सांगण्यासाठी ती बनवलेलीच नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ यात शहरी कंपोस्टसाठी आठ धातूंच्या मर्यादा आहेत. एका किलो कंपोस्टमध्ये कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. पीफासचा त्यात उल्लेख नाही. शिवाय हे मोजमाप खत म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचे आहे. पावतीविना, नावाविना ट्रॉलीतून बांधावर जाणारा गाळ या तराजूवर सहसा चढतच नाही.

अमेरिकेलाही ही जाणीव उशिराच झाली. तेथील १९९३ च्या केंद्रीय नियमांनी गाळातील जंतू आणि धातू तपासले आणि तो शेतात घालण्यास परवानगी दिली. मेन या छोट्या राज्यात २०१६ मध्ये एका दुग्धव्यवसायी शेतकऱ्याच्या विहिरीत आणि गाईंच्या दुधात पीफास आढळले. त्याच्या जमिनीवर अनेक वर्षांपूर्वी परवानगीनेच गाळ पसरलेला होता. त्याने कोणताही नियम मोडलेला नव्हता, तरी त्याचे दूध विकण्याजोगे राहिले नाही.

यानंतर मेन राज्याने जे केले, त्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. २०२१ मध्ये तेथील विधिमंडळाने एक कायदा केला. त्याचा उद्देश शोध घेणे हा होता. पूर्वी जेथे जेथे गाळ घालण्याचे परवाने दिले गेले, त्या सर्व जमिनींची आणि तेथील भूजलाची टप्प्याटप्प्याने तपासणी करण्याचे बंधन शासनावर घातले गेले. खर्चासाठी गाळाच्या प्रत्येक टनामागे १० डॉलर शुल्क बसवले, म्हणजे तपासणीचा भार शेतकऱ्यावर न येता गाळ निर्माण करणाऱ्यांवर आला. २०२२ मध्ये दुसऱ्या कायद्याने शेतात गाळ घालण्यास बंदी केली आणि त्याच वर्षी बाधित शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधी उभारला. मिशिगन राज्याने वेगळा मार्ग धरला. तेथे गाळ शेतात जाण्यापूर्वी त्याची तपासणी होते आणि पीफास अधिक आढळल्यास ते ज्या कारखान्यातून गटारात येते, तेथपर्यंत माग काढला जातो.

बँक व्यवहारातील एक जुनी घटना येथे उपयोगी पडते. १९९२ पूर्वी अनेक बँका न आलेले व्याजही उत्पन्न म्हणून दाखवीत. ताळेबंद सुदृढ दिसे आणि कर्ज आतून बुडत असे. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने नियम घातला, की थकीत कर्ज आधी ओळखा आणि मग त्यासाठी नफ्यातून तरतूद करा. ओळख आणि तरतूद ही जोडी आहे. तरतुदीशिवाय ओळख सांगितली, तर शाखेतील माणूस खराब कर्ज लपवण्याकडे वळतो. ओळखीविना तरतूद करायची म्हटले, तर किती करावी हेच कळत नाही.

मातीचेही तसेच आहे. आपल्या शेतात विषारी द्रव्य आढळले, तर भाव पडेल, जमिनीवर कर्ज मिळणार नाही आणि मुलीच्या लग्नासाठी एकर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक येणार नाही, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. अशा स्थितीत तो मातीचा नमुना स्वखुशीने देईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून केवळ तपासणीचा आदेश पुरेसा नाही. भरपाईची हमी त्याच कायद्यात हवी.

शेती, पाणी आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. म्हणजे असा अभ्यास कायद्याने घडवून आणण्याचा अधिकार महाराष्ट्र विधिमंडळाला आहे. त्या कायद्यात चार गोष्टी असाव्यात. प्रत्येक प्रक्रिया केंद्रातून निघालेला गाळ कोणत्या गावी, कोणत्या गटात गेला, याची नोंदवही असावी. जेथे तो पडला, तेथील माती, विहीर आणि दूध यांची ठरावीक मुदतीत तपासणी व्हावी आणि अहवाल विधिमंडळापुढे यावा. खर्च गाळ निर्माण करणाऱ्या संस्था आणि रसायने गटारात सोडणारे उद्योग यांनी उचलावा. निर्दोष शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळावी.

यासाठी नव्या संस्था उभाराव्या लागणार नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र या संस्था आहेतच. नोंदवहीही अशक्य नाही. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी ठरलेल्या वेळापत्रकाने घराघरांतील सेप्टिक टँक उपसून तो मैला प्रक्रिया केंद्रावर नेण्याची व्यवस्था करून दाखवली आहे. घरापासून केंद्रापर्यंतची नोंद ठेवता येते, तर केंद्रापासून शेतापर्यंतचीही ठेवता येईल.

जैन आचारधर्माला हा विचार परका नाही. पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती आहे. देहातील मलादी टाकाऊ पदार्थ कोठे आणि कसे विसर्जित करावेत, तेथे जीव तर नाहीत ना, हे आधी नीट पाहून मग विसर्जन करण्याची शिस्त तीत सांगितली आहे. साधू-साध्वीजी हे व्रत एकेका देहापुरते कसोशीने पाळतात. लाखोंच्या शहराचा मैला एकत्र वाहतो, तेव्हा तीच शिस्त समाजाला कायद्याच्या रूपाने पाळावी लागेल. माती ही आपल्या दृष्टीने पृथ्वीकाय आहे, सजीव आहे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहे. न तपासलेला गाळ खत म्हणून विकणाऱ्याने आपण त्या सीमेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, हे स्वतःला विचारावे.

कायदा होईपर्यंतही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ज्यांचे कृषी सेवा केंद्र आहे, त्यांनी खत नियंत्रण आदेशानुसार लागणारे ‘ओ’ नमुन्यातील उगम प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याविना सेंद्रिय खताचे एकही पोते ठेवू नये. स्वस्त सुट्या खताची शिफारस ओळखीच्या शेतकऱ्याला करू नये. तो दुकानदाराच्या शब्दावर खत नेतो. धान्य-कांद्याच्या व्यापाऱ्याने खरेदीच्या वेळी शेतात कोणते खत घातले, ही नोंद ठेवण्याची सवय लावावी. निर्यातीच्या मालाबाबत हा प्रश्न परदेशी ग्राहक उद्या विचारणारच आहे. ज्यांचे छोटे उद्योग आहेत, त्यांनी रसायनांचे धुवण गटारात सोडू नये. घरातील उरलेला रंग, जुनी औषधे आणि कीटकनाशके मोरीत ओतू नयेत. आपल्या गटारात पडलेले उद्या कोणाच्या तरी बांधावर जाऊन पोहोचते, आणि तेथून ते धान्याच्या वाटेने पुन्हा आपल्याच दुकानात येते.

आपल्या भागातील आमदारांना एक साधे पत्र लिहून या विषयावर सभागृहात प्रश्न विचारण्याची विनंती करणे, हेही कोणत्याही संघाला, मंडळाला सहज करता येण्याजोगे काम आहे. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी आपण नवी वही उघडतो आणि मागील येणे-देणे तीत प्रामाणिकपणे ओढून आणतो. मातीच्या नावाची अशी वही राज्यात अद्याप उघडायची आहे.