‘नॉईज’ म्हणजे काय रे भाऊ?

फायनल इयरचे जुने प्रोजेक्ट रिपोर्ट चाळून बघा मित्रहो. ग्राफवर मॉडेलची रेघ एकीकडे, रीडिंगचे ठिपके भलतीकडे आणि खाली ठरलेलं वाक्य : ‘सदर फरक नॉईजमुळे आहे.’ व्हायवाला एक्स्टर्नलही मान डोलावतात. सुटलो! माझा आक्षेप या एका शब्दाला आहे, आणि साक्षीला मी आपली उल्हास नदी बोलावतो.

समजा, कर्जतचा पाऊस हा इनपुट आणि बदलापूरच्या पुलापाशी पाण्याची पातळी हा आउटपुट. सिव्हिलवाले शर्मनचा १९३२ चा युनिट हायड्रोग्राफ काढतील, इलेक्ट्रिकलवाले इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतील, कल्पना एकच. आता मे महिन्यात आभाळ कोरडं ठणठणीत असताना पातळी चढली तर? पावसावर बेतलेलं मॉडेल म्हणणार, नॉईज. पण भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रात ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटाखाली येतं, टर्बाईन फिरवतं आणि उल्हासला मिळतं. विजेची मागणी वाढली की पाणीही वाढतं. म्हणजे सह्याद्रीपलीकडे, भीमेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस आपल्या नदीत! हा नॉईज कसला? आपण न मोजलेला इनपुट आहे तो.

उलटा प्रकारही आहेच. पूर आला की ‘बारवीचं पाणी सोडलं’ अशी आवई उठते. पण बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खाली. नकाशा बघायचे कष्ट कोण घेतो!

कालमन (तोच, फिल्टरवाला) १९८० च्या दशकात हेच बजावत होता, की नॉईजबद्दलची गृहीतकं डेटातून येत नाहीत, ती आपण डेटावर लादतो. नेदरलँड्समधल्या यान विलेम्सने पुढची वाट दाखवली. आधी डेटा कोणता नेमका नियम पाळतो ते शोधा, नियम पुरा बसला नाही तर चूक किती ते मोजा. फासे टाकायची घाई नको. २००५ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर एक सुंदर प्रमेय मांडलं. सिस्टिम लिनियर असेल आणि इनपुट पुरेसा ‘हलवणारा’ असेल, तर एकाच लांब रेकॉर्डमधून त्या सिस्टिमच्या ठराविक लांबीच्या सगळ्या शक्य चाली उभ्या करता येतात. समीकरणसुद्धा लिहावं लागत नाही!

मेख आहे ती ‘हलवणारा’ या शब्दात. जानेवारी ते मे रोज रीडिंग घेतलंत तरी नदी पुरात कशी वागते ते त्यात येणारच नाही. शिवाय पाणी काठ सोडून हेंद्रेपाड्यात, रमेशवाडीत शिरलं की ते पसरतं, साठतं. दुप्पट पावसाला दुप्पट पाणी हा लिनियर हिशोब तिथे संपतो. २६ जुलै २००५ चा पूर, किंवा २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान हजारावर प्रवासी घेऊन पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस... असे दिवस आपण ‘आउटलायर’ म्हणून खोडतो. नदीने खरं बोलायचे दिवस नेमके तेच असतात.

प्रोबॅबिलिटीवाल्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. उद्या घाटात किती पाऊस पडेल ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पट्टीवरचं रीडिंगही दोन बोटं चुकतं. पण पडून गेलेला पाऊस किती तासांनी आपल्याकडे पोचतो, हा नशिबाचा प्रश्न नाही. हेंद्रेपाड्यातल्या घरांना तळमजला रिकामा करायला मिळणारा वेळ म्हणजे तेच तास.

तेव्हा यंदा प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनी पुढच्या जुलैत पातळीच्या तासातासाच्या नोंदी ठेवाव्यात. रात्रीच्या नोंदीसाठी हॉस्टेलवाले आहेतच, नाहीतरी दोनपर्यंत जागे असतात! नोंद पुलावरूनच घ्यायची, पाण्यात कोणी उतरायचं नाही. आणि भिवपुरीचा कॉलम पहिल्या दिवसापासून ठेवा. आकडे मिळेपर्यंत तो रिकामा राहिला तरी चालेल.